केसांबद्दल रोज विचारले जाणारे प्रश्न, सोलापूरच्या एका पार्लरवालीकडून

सोलापुरात पूर्व भागात माझं छोटं पार्लर आहे, दोन खुर्च्या आणि एक कुरकुरणारा पंखा. १४ वर्षं झाली. बाई खुर्चीत टेकली की आधी पंखा माझ्याकडे करा म्हणते आणि मग लगेच, "अक्का, केस लई गळलालेत." पुढचे प्रश्न मला पाठ झालेत, त्यामुळे यावेळी सगळी उत्तरं एकदाच लिहून काढली. मी डॉक्टर नाही हं. जे लिहिलंय ते ओळखीच्या स्किनच्या डॉक्टरीणबाईंना छळून छळून, वाचून आणि स्वतः चुका करून शिकलेलं आहे.

तेल लावलं नाही तर केसाला पोषण मिळणार कुठून?

पोटातून. केसाचं जिवंत ते फक्त मूळ, आणि ते कातडीच्या आत असतं, त्याला रक्तातून खायला मिळतं. बाहेर दिसतो तो केस मेलेला, केराटिन नावाच्या प्रोटीनचा नुसता धागा, म्हणून तर कापताना दुखत नाही. माझे वडील यंत्रमागावर होते त्यामुळे मला हे असं समजतं की मूळ म्हणजे माग आणि केस म्हणजे मागावरून उतरलेलं कापड. उतरलेल्या कापडाला तुम्ही कितीही खळ लावा, इस्त्री करा, अत्तर शिंपडा, मागाला त्याचा पत्ताही लागत नाही. माग बिघडला असेल तर मागच बघावा लागतो.

आता याचा अर्थ तेल फुकट आहे असा नाही. खळीने सुताला ताकद येते तसंच तेलाचं आहे, आणि त्यात खोबरेल सगळ्यात भारी. २००३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल अशी तिन्ही लावून बघितली, तर केस धुताना प्रोटीन निघून जातं ते फक्त खोबरेलने कमी झालं, कारण त्यातलं लॉरिक ॲसिड केसाच्या आत शिरतं, बाकीची दोन वरच राहतात. म्हणून न्हायच्या आधी तासभर लांबीला आणि टोकांना खोबरेल लावा, बास झालं. रात्रभर उशीचा अभ्रा तेलकट करायची काही गरज नाही.

पण ताई, तुम्हीच तर आधी ते जडीबुटीचं तेल द्यायचात ना?

द्यायचे. हा प्रश्न कुणीतरी विचारणारच होतं.

धाकटा झाला २०१६ च्या सप्टेंबरात आणि जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास माझे केस असे गळायला लागले की मोरीची जाळी रोज तुंबायची, सासूबाई म्हणायच्या बाळाने हसून केस नेले. सिद्धेश्वरच्या यात्रेत होम मैदानावर गड्ड्याला, म्हणजे जत्रेला गेलो तर तिथे एक जण काळ्या बाटल्या घेऊन बसलेला, आत मुळ्या तरंगत होत्या, ४०० रुपये. घेतलं. रोज लावलं. जूनपर्यंत कपाळावर बारीक बारीक नवीन केस उभे राहिले आणि मी येईल त्या बाईला ते तेल सांगायला लागले, पुढे पुढे मागवून विकायलाच लागले, दोन वर्षं.

मग एक दिवस माझ्याच महिन्यात बाळंत झालेली एक गिऱ्हाईक आली, तिचेही केस तेव्हाच गेलेले आणि तेव्हाच परत आलेले. विचारलं काय लावलंस, तर म्हणे काय लावणार अक्का, बाळाला सांभाळू का केसाला, घरातलं खोबरेल कधीतरी. तेव्हा माझं डोकं चाललं. बाळंतपणानंतर हार्मोन खाली येतात, पोटुशी असताना जे केस गळायचे थांबलेले असतात ते सगळे एकदम विश्रांतीला जातात आणि साधारण तीन महिन्यांनी एकत्र गळतात, पुढे काही महिन्यांत आपोआप येतात. टायफॉइड, डेंगी, कोविड, मोठं ऑपरेशन, उपाशी राहून केलेलं डाएट, सगळ्याला हाच हिशोब. आजार आज, गळती दोन-तीन महिन्यांनी. त्यामुळे खरं कारण आपण विसरलेलो असतो, आणि घाबरून जे काही लावतो त्याला फुकटचं श्रेय मिळतं, कारण केस तसेही येणारच असतात. आता नवी बाई रडत आली की मी पहिलं विचारते, तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं? दहातल्या बऱ्याच जणींना काहीतरी आठवतंच.

ज्यांना मी त्या बाटल्या विकल्या त्यांनी वाचत असाल तर माफ करा.

दिवसाला किती केस गेले तर चालतं? आणि शाम्पूने जास्त का गळतात?

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात, त्यातले ५० ते १०० रोज गळणं नॉर्मल आहे. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन महिने नुसता बसून राहतो आणि गळतो, त्याच जागेवर नवा येतो.

शाम्पूचं म्हणाल तर जी बाई रविवारच्या रविवार न्हाते आणि बाकी दिवस अंबाडा घालून ठेवते, तिचे सुटलेले केस आतच अडकून बसतात. ते सगळे एकाच दिवशी मोरीत दिसतात आणि बिचाऱ्या शाम्पूला शिव्या बसतात. ते केस आधीच सुटलेले होते हो. न धुता ठेवले तर वाचतील असं काही नाही, उलट आपल्याकडे एप्रिल-मेमधे पारा ४२-४३ ला जातो, घामाने डोकं चिकट होतं, तेव्हा आठवड्यातून दोन-तीनदा धुतलेलंच बरं. शाम्पू डोक्याच्या कातडीला, कंडिशनर खालच्या अर्ध्याला. बऱ्याच जणी उलटं करतात.

तिरुपतीला केस दिले की नंतर दाट येतात, खरं का?

आमच्या भागातली निम्मी घरं तिरुपतीला जाऊन केस देऊन येतात, तो श्रद्धेचा विषय, त्यात मी पडत नाही. देवस्थान त्या केसांचा लिलाव करतं हे तर सगळ्यांना माहीत आहे. पण दाट येत नाहीत. मुळांची संख्या जन्मायच्या आधीच ठरलेली असते आणि वस्तरा फक्त वरचा धागा कापतो. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, वस्तऱ्याने कापलं की टोक सपाट होतं, त्यामुळे खुंट जाड आणि रखरखीत लागतात, हाताला दाट वाटतात. जावळाचं पण तेच. बाळाचे केस जावळ न काढताही वयाप्रमाणे जाड होणारच असतात.

हात-पायांच्या वॅक्स ऐवजी रेझर वापरला तर केस राठ येतात का, हाही त्याचाच भाऊ. नाही येत. (हे सांगून माझंच गिऱ्हाईक कमी होतं पण असो.)

सोलापूरच्या पाण्याने केस गळतात ना?

यावर तर आमच्या गल्लीत एकमत आहे. नळाला उजनीचं पाणी येतं ते चार-पाच दिवसाआड, मधले दिवस बोअरवर. बोअरचं पाणी जड, बादलीला पांढरा थर धरतो, गीझरच्या कॉइलवर खडू साचतो. तो थर म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. केसावरही तो बसतो, केस राठ होतात, गुंता होतो, विंचरताना मधेच तुटतात. पण तुटणं वेगळं आणि मुळातून गळणं वेगळं. गळलेला केस उचलून बघा, एका टोकाला पांढरा बारीक गोळा असेल तर तो मुळातून, त्याचं वय झालं म्हणून आला, गोळा नसेल तर तुटला. पाण्याने टक्कल पडतं असं सिद्ध झालेलं नाही.

एक काम मात्र नक्की करा, बोअरच्या पाण्यात अंगाच्या साबणाने डोकं धुवू नका. साबण आणि कॅल्शियम मिळून जो चिकट साका होतो तो केसावरच बसतो, शाम्पूचा तसा होत नाही. शेवटचे दोन तांबे नळाच्या पाण्याचे, त्यात पाव लिंबू पिळलं तर थर थोडा सुटतो. नळाचं पाणी पिण्यालाच पुरत नाही ते डोक्यावर कुठून घालू, असं म्हणणार तुम्ही, बरोबर आहे, माझ्याकडे पण उत्तर नाही.

हा, आणि बुलढाण्याचं. जानेवारी २०२५ मधे शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांना काही दिवसांत टक्कल पडलं, तेव्हा सगळ्यांनी पहिलं बोट पाण्याकडेच दाखवलं होतं. मग महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी तिथे जाऊन तपासण्या केल्या आणि रेशनच्या गव्हातलं जास्तीचं सेलेनियम हे कारण असल्याचं सांगितलं. म्हणजे बघा, तिथेही बोट वरून आत, पोटाकडेच वळलं.

केस धुतल्यावर टॉवेल गुंडाळून ठेवणं चांगलं की वाईट?

हा प्रश्न सोलापूरकराने विचारावा म्हणजे कमाल. आपला टेरी टॉवेल जगात जातो, चादरीबरोबर त्यालाही जीआय, म्हणजे माल इथलाच असल्याचा सरकारी शिक्का, मिळालेलं आहे, वडिलांच्या मागावर मी लहानपणी त्याचे फासे मोजत बसायचे. टेरीचा टॉवेल म्हणजे हजारो बारीक फासे उभे केलेले, त्याच फाशांमुळे तो पाणी ओढतो, आणि त्याच फाशांत ओला केस अडकतो. ओला केस फुगलेला, ताणला की रबरासारखा लांबतो आणि मग तुटतो. त्यात आपल्या बायका टॉवेलने केस झटकतात ना, फट फट आवाज करत, दारात उभं राहून, तो आवाज ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो.

टॉवेल दाबा, घासू नका. दहा मिनिटं गुंडाळून ठेवायला हरकत नाही पण घट्ट पिळून नको. मी स्वतः नवऱ्याचा जुना मऊ झालेला बनियन वापरते, हसू नका, त्याला फासे नसतात. आणि ओल्यात बारीक कंगवा घालू नका, मोठ्या दाताचा घ्या आणि खालून वर सोडवत या.

कोंडा झालाय, डोकं कोरडं पडलं असेल, तेल चोपडू का?

नका. हा सगळ्यात जास्त दिसणारा गैरसमज आहे. कोंडा बहुतेक वेळा कोरडेपणाने होत नाही. मॅलसेझिया नावाची एक बुरशी सगळ्यांच्याच डोक्यावर असते, ती कातडीतून निघणारं तेल खाऊन जगते, ती वाढली आणि तुमच्या कातडीला सोसली नाही की पापुद्रे सुटतात, खाज येते. वरून आणखी तेल ओतणं म्हणजे तिला जेवायला वाढणं. पापुद्रे तेलाने चिकटून बसतात म्हणून दोन दिवस दिसत नाहीत आणि वाटतं बरं झालं.

मेडिकलमधे २ टक्के किटोकोनाझोलचा शाम्पू मिळतो, आठवड्यातून दोनदा, आणि मुख्य म्हणजे लावून तीन ते पाच मिनिटं ठेवायचा. लोक लावतात आणि लगेच धुतात, मग म्हणतात गुण नाही. महिन्याभरात फरक नाही पडला किंवा जाड, चंदेरी खवले निघत असतील तर डॉक्टरांना दाखवा, तो सोरायसिस नावाचा कातडीचा आजार पण असू शकतो. लिंबू थेट चोळू नका, खाजवून सोललेल्या कातडीवर काय आग होते ते एका मुलीच्या किंचाळण्याने सगळ्या गल्लीला कळलं होतं.

चाई पडलीय. किडा खातो म्हणतात. कांद्याचा रस लावू?

किडा-बिडा काही नसतो. गोल, गुळगुळीत, रुपयाएवढी जागा एकदम रिकामी होते ती चाई, त्यात आपलीच प्रतिकारशक्ती चुकून केसाच्या मुळावर चालून जाते. मूळ मरत नाही म्हणून बऱ्याच जणांचे केस परत येतात.

कांद्याची गोष्ट मजेची आहे. २००२ मधे बगदादच्या डॉक्टरांनी ३८ पेशंटवर कांद्याच्या रसाचा प्रयोग छापला होता, आणि तो फक्त चाईसाठी होता. तिथून तो रस उड्या मारत मारत सगळ्या केसगळतीवर आला, आता कांद्याचं तेल, कांद्याचा शाम्पू, कांद्याचा सीरम. एवढ्याशा प्रयोगावर एवढी दुकानं. चाईला डॉक्टरकडे इंजेक्शन आणि क्रीम आहेत, तिकडे जा. गुंजेचा पाला किंवा कसली राख घासून कातडी सोलू नका.

मेंदी तर नैसर्गिक आहे, तिने काय होणार?

खऱ्या मेंदीने फार काही नाही. तिच्यातलं लॉसोन केराटिनला चिकटतं आणि रंग येतो लालसर-नारिंगी. लालसरच. तुम्ही लोखंडी कढईत रात्रभर भिजवा, चहाचं पाणी घाला, रंग जरा गडद होईल, पण काळाकुळकुळीत नाही. वारंवार लावली तर केस कोरडे होतात एवढंच.

पण "काळी मेंदी" म्हणून जी पुडी मिळते, लावली की अर्ध्या तासात काळेभोर, ती मेंदी नव्हे, तो डाय आहे आणि त्यात बहुतेक वेळा पीपीडी नावाचं रंगाचं केमिकल असतं. एका काकूंनी घरी लावली आणि दुसऱ्या दिवशी आल्या तर डोळे उघडत नव्हते, कपाळ सुजून भुवईवर आलेलं, मी ओळखलंच नाही, आवाजावरून ओळखलं. आणि त्या म्हणत होत्या, अगं पण पाकिटावर पानाचं चित्र होतं. कुठलाही डाय असो, कानामागे थोडा लावून ४८ तास थांबा. आधी दहा वेळा चालला म्हणून अकराव्यांदा चालेल असं नसतं, ॲलर्जी मधेच कधीही सुरू होते.

घट्ट वेणी घातली की केस वाढतात, आजी म्हणायची.

वेणी घालणं चांगलं, गुंता होत नाही, तुटत नाहीत म्हणून लांब राहतात. घट्ट हे आजीचं चुकलं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, ओढून जास्त येत नाही. उलट रोज ओढ बसली की कपाळाच्या कडेचे आणि कानापाशी असलेले केस विरळ होतात आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर मूळच बंद पडतं, मग परत येत नाहीत. शाळेच्या दोन वेण्या घालताना पोरगी आई गं म्हणाली तर सैल करा, ती नाटक करत नाहीये.

पांढरा केस उपटला की दहा येतात?

नाही. एका मुळातून एकच पांढरा येईल. बाकीचे नऊ येणारच होते, तुम्ही आता आरशात जास्त बघताय.

दर महिन्याला टोकं कापली की वाढ जोरात होते?

टोकाला कापलेलं मुळाला कळत नाही, वर मागाचं सांगितलंच. फाटे फुटलेले असतील तर कापा, नाहीतर फाटा वर चढत जातो. दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे.

बायोटिनच्या गोळ्या घेऊ का?

आधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड, व्हिटॅमिन बी१२ आणि डी. आपल्याकडच्या बायकांत लोह कमी असणं फार, बायोटिन हे व्हिटॅमिन कमी असणं क्वचित. माझ्याकडे विड्या वळणाऱ्या बायका येतात, सकाळपासून विड्यांचं सुपडं मांडीवर, एक चहा आणि दुपारी चटणी-भाकर, नखं पांढरीफटक, आणि विचारतात कुठलं तेल लावू. काय सांगू त्यांना. डाळ खा, मोड आलेलं कडधान्य खा, चालत असेल तर अंडं खा, आणि शेंगाचटणी बोटभर न घेता जरा वाटीभर घ्या, त्यात प्रोटीन आहे.

बायोटिन घेतच असाल तर रक्त द्यायच्या आधी लॅबमधे सांगा, त्याने थायरॉइडचा आणि हार्ट ॲटॅकच्या तपासणीचा रिपोर्ट चुकू शकतो, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिकडच्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, २०१७ मधे तसा इशारा दिलाय.

केराटिन ट्रीटमेंटने केस निरोगी होतात का?

सरळ होतात, चमकतात. निरोगी नाही. नावात केराटिन असलं तरी काम बहुतेक वेळा फॉर्मल्डिहाइड किंवा तत्सम केमिकल करतं, इस्त्री फिरवताना डोळ्यातून पाणी येतं ते त्याच्या वाफेने. "फॉर्मल्डिहाइड फ्री" लिहिलेल्या बाटलीतूनही तापल्यावर तो निघू शकतो. काही क्रीममधे त्याच्या जागी ग्लायऑक्झिलिक ॲसिड आलं, तर २०२४ मधे फ्रान्सच्या डॉक्टरांनी एका २६ वर्षांच्या मुलीची हकीकत छापली, तीनदा स्ट्रेटनिंग केलं आणि तिन्ही वेळा किडनीला मार बसला. मी हे काम बंद केलंय. लग्नसराईत पैसे जातात, जाऊ देत.

उवा घाणेरड्या केसात होतात, हो ना?

स्वच्छ केसातही होतात. ऊ उडत नाही, उडी मारत नाही, डोक्याला डोकं लागलं की चालत जाते, म्हणून शाळेच्या बाकावरून येते. आईला ओरडू नका. रॉकेल अजिबात नको, भाजतं, आणि जवळ गॅस असला तर विचारायलाच नको. ओल्या केसाला कंडिशनर लावून फणी फिरवा, मेडिकलमधून उवा मारायचं १ टक्का परमेथ्रिन आणा, सात ते दहा दिवसांनी परत एकदा, कारण लिखा तेवढ्यात फुटतात. आणि घरातल्या सगळ्यांची डोकी बघा, आजीचं पण.

मामा टकला असला तर भाचा टकला? आणि हेल्मेटमुळे?

एक महत्त्वाचं जनुक आईकडून येतं हे खरं, पण बाकीची कितीतरी दोन्हीकडून येतात, तेव्हा मामाला एकट्याला धरू नका. हेल्मेटने टक्कल पडत नाही. घामट अस्तर धुवा म्हणजे झालं. पोरांनी मिनॉक्सिडिल हे केस उगवायचं औषध लावायचं तर डॉक्टरांना विचारून, ते मुळात ब्लडप्रेशरचं औषध होतं. सुरुवातीला गळती थोडी वाढते, फरक दिसायला चार-सहा महिने जातात आणि सोडलं की आलेले परत जातात.

सोमवारी, शनिवारी, पाळीत केस धुतले तर?

ओले होतात.

तुमच्याकडे हेअर स्पा केला तर गळायचं थांबेल का?

नाही थांबणार. केस आठवडाभर मऊ राहतील, मान मोकळी होईल, बऱ्याच जणी खुर्चीतच झोपतात, एक काकू तर घोरतात. त्यासाठी यायचं असेल तर बुधवारी दुपारी या, गर्दी नसते आणि पंखा पूर्ण तुमच्याकडे करून देईन.